हार्वेस्टमनचं मॉडेल आणि अष्टपादांचा फलक : कामाच्या नोंदी

१४ जून

मुळशी तालुक्यातल्या आमच्या शाळेत एक जुनी वर्गखोली रिकामी झाली. तिथे अष्टपादांचं दालन करायचं ठरलंय. कोळी, विंचू, गोचीड मुलांच्या ओळखीचे आहेत. हार्वेस्टमन हा कोळ्यासारखा दिसणारा, लांब बारीक पायांचा अष्टपादही पावसाळ्यात शाळेमागच्या दगडी गडग्यावर रोज दिसतो, पण त्याला सगळे कोळीच म्हणतात. म्हणून दालनाच्या मधोमध त्याचंच मोठं मॉडेल टांगायचं, आणि अष्टपाद वर्गात तो नेमका कुठे बसतो ते दाखवणारा फलक भिंतीवर लावायचा.

कोळ्यांच्या पन्नास हजारांहून जास्त प्रजाती नोंदल्या गेल्यात. हार्वेस्टमनच्या साडेसहा हजारांच्या वर आहेत. माइट (गोचिडाचे बारीक नातेवाईक)-गोचीड आणि कोळी सोडले तर अष्टपादांत एवढा मोठा गट दुसरा नाही, तरी शाळेच्या तक्त्यांवर तो सहसा नसतो. दुसऱ्या कुणाला असं काही करायचं असेल तर हाताशी असावं म्हणून नोंदी ठेवते आहे. बजेट ६,००० रुपये, मुदत दिवाळीच्या सुट्टीपर्यंत.

२१ जून

पहिलं काम मापांचं. साहित्य : मिठाईचा पारदर्शक डबा, तळाला आलेख कागद, रंगकामाचा मऊ ब्रश. चिमटा अजिबात नको. ब्रशने हळूच डब्यात सारायचं, वरून फोटो काढायचा, माप लिहायचं आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं. सगळं शाळेच्या आवारात केलं. अभयारण्याच्या हद्दीतून काहीही आणायचं नाही हे मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं.

पाय धरून उचलायचं नाही हेही सांगितलं होतं, पण सातवीतल्या एकाने धरलाच. पाय मांडीच्या बुडाशी सुटून त्याच्या बोटांत राहिला, आणि प्राणी उरलेल्या सात पायांवर गडग्याच्या फटीत निघून गेला. तो सुटा पाय आम्ही आलेख कागदावर ठेवला. तो आखडत होता, पसरत होता, मध्ये थांबून पुन्हा आखडत होता. बराच वेळ हे चाललं. ही हालचाल चालवणारं केंद्र पायाच्या मांडीतच असतं, म्हणून धडापासून तुटल्यावरही ती थांबत नाही. शिकारी त्या हलत्या पायाकडे बघत राहतो आणि मालक निसटतो. मात्र किंमत कायमची. कोळ्याच्या पिल्लाचा तुटलेला पाय पुढे कात टाकताना पुन्हा येऊ शकतो, हार्वेस्टमनचा येत नाही. मुलं त्यानंतर ब्रशशिवाय हात लावेनात.

मापं : धड ५ मिमी, दुसऱ्या जोडीचा पाय ६२ मिमी. बाकीच्या जोड्या आखूड, त्यांत चौथी जरा लांब. दुसरी जोडी तो चालायला फारशी वापरत नाही. दोन्ही पाय पुढे-बाजूला फिरवत, टेकवत, चाचपत जातो. डोळ्यांपेक्षा त्याची भिस्त या दोन पायांवर.

पाठीवर मधोमध एक उभा काटा आहे. गॅग्रेला हा हार्वेस्टमनचा एक वंश, त्यात आणि त्याच्या जवळच्या मंडळींत असा काटा असतो. प्रजाती ठरवायची तर नराचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात, आणि त्यासाठी प्राणी मारावा लागतो. ते करायचं नाही. पाटीवर ‘गॅग्रेला गट’ एवढंच लिहायचं.

२ जुलै

प्रमाण ठरवताना आठवडा गेला. धडावरचे तपशील दिसावेत म्हणून आधी ४० पट धरलं होतं. धड २० सेमी, छान वाटलं. मग पायाचा हिशेब केला : ६२ मिमी गुणिले ४०, म्हणजे जवळपास अडीच मीटर. दोन्ही बाजू धरून पाच मीटर. खोलीत मुलांना उभं राहायलाही जागा उरली नसती.

पायांना बसेल असं प्रमाण घेतलं की धड लहान होतं, आणि धडाला बसेल असं घेतलं की पाय खोलीबाहेर जातात. शेवटी दोन मॉडेलं करायचं ठरवलं. एक २५ पट, पायांसकट, छताला टांगलेलं : धड साडेबारा सेमी, सगळ्यात लांब पाय दीड मीटरच्या किंचित वर. दुसरं ६० पट, नुसतं धड, ३० सेमी, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर टेबलावर. लांब पायांचा कुठलाही प्राणी करणार असाल तर आधी सगळ्यात लांब अवयवाचा गुणाकार करा, मग खोली मोजा, आणि प्रमाण त्यानंतर ठरवा.

९ जुलै

धड कागदाच्या लगद्याचं करायचं म्हणून गावातल्या मूर्तिकार काकांकडे गेले. गणपतीचे दिवस जवळ, कारखाना मूर्तींनी भरलेला, तरी त्यांनी वेळ काढला. शाडूत नमुना करून ठेवला होता. सुबक होता, पण मध्ये कंबर काढली होती.

“काका, याला कंबर नको.”

“बाई, कंबर नाही तर कोळी दिसायचा कसा?”

“कोळी दिसायलाच नकोय.”

फोनमधले फोटो मोठे करून दाखवले. कोळ्याचं डोकं-छाती आणि पोट यांच्यात बारीक देठ असतो. हार्वेस्टमनचे हे दोन्ही भाग पूर्ण रुंदीने एकमेकांना जोडलेले असतात. काकांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “मग हा घेवड्याचा दाणा आहे.” तिथल्या तिथे नमुना मोडून पुन्हा केला, आणि तो पहिल्या फटक्यात बरोबर जमला.

एक गोष्ट त्यांनीच विचारली : पाठीमागच्या भागावर या आडव्या रेघा कसल्या? ते पोटाचे खंड. बहुतेक कोळ्यांच्या पोटावर असे खंड दिसत नाहीत, ते गुळगुळीत असतं. विंचवाचे मात्र स्पष्ट दिसतात. रेघा खोल कोरायला सांगितल्या. साचा आणि मजुरी मिळून ५०० रुपये.

२० जुलै

लगदा वाळत नाही. पाऊस तीन-तीन दिवस उघडत नाही, हवेत इतका ओलावा की वर्गातले खडूसुद्धा दमट लागतात. वरून कडक वाटलेलं धड दाबलं की आतून पाणी सुटतं. परवा त्यावर राखाडी बुरशी आली. पंख्याखाली ठेवलं, दोनशे वॅटच्या बल्बखाली ठेवलं, तर बाहेरचा थर तडकला आणि आतला तसाच राहिला.

हे सोडून दिलं. साचा शाबूत आहे, पण लगद्याचे ३५० रुपये आणि जवळपास दोन आठवडे गेले. सह्याद्रीच्या पायथ्याला लगद्याचं काम होळीनंतर करावं, आषाढात नाही.

२८ जुलै

आता आत थर्माकोल. ठोकळे एकमेकांना चिकटवून गरम तारेने कापले, साच्यातल्या मापाने घासले, वर वर्तमानपत्राच्या पट्ट्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून चिकटवल्या. कागदाचा थर पातळ असल्याने पंख्याखाली एका रात्रीत वाळला. मग खालचा तपकिरी रंग द्यायला स्प्रे पेंट मारला, आणि जिथे पट्ट्यांच्या कडा नीट जुळल्या नव्हत्या तिथून रंग आत शिरून थर्माकोल विरघळला. ६० पट धडाच्या डाव्या कुशीला मुठीएवढा खड्डा पडला.

दुरुस्ती : खड्ड्यात एम-सील आणि कागदाचे बोळे भरले. पूर्ण धडावर फेव्हिकॉल आणि खडूची पूड यांचा घट्ट लेप दोन हात दिला, पॉलिश पेपरने घासला, आणि रंग पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक वापरला. थर्माकोलवर स्प्रे किंवा ऑइलपेंट थेट कधीही नको. स्प्रेच्या डब्याचे २४० रुपये गेले. पण खडूच्या पुडीने एक फायदा झाला : पृष्ठभाग बारीक खरखरीत झाला, आणि भिंगातून पाहिलं तर खऱ्या प्राण्याची पाठ तशीच कणीदार असते.

६ ऑगस्ट

या आठवड्यात फक्त तोंडाकडची बाजू. मॉडेलमध्ये सगळ्यात जास्त शिकवणारी जागा हीच.

डोळे आधी. काळे काचेचे मणी समोरच्या बाजूला बसवले तर प्राणी खोटा दिसायला लागला. जवळून काढलेला फोटो पुन्हा पाहिला. पाठीवर पुढच्या भागात एक छोटा उंचवटा असतो आणि त्याच्या डाव्या-उजव्या कुशीत एकेक डोळा. दोन्ही बाहेर पाहतात, समोर नाही. उंचवटा एम-सीलने करून मणी कडेला बसवले आणि चेहरा लगेच जुळला. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे. विंचवाला मधली एक जोडी आणि कडेला लहान डोळ्यांच्या काही जोड्या. याला दोनच.

दिसणारे दोन, असं म्हणायला हवं. फ्रान्समध्ये मोंसो-ले-मीन इथे सापडलेल्या सुमारे ३०.५ कोटी वर्षांपूर्वीच्या हार्वेस्टमनच्या जीवाश्मात मधल्या जोडीबरोबर कडेलाही डोळे आहेत. आणि २०२४ मध्ये युरोपातल्या फॅलँजियम ओपिलिओ या आजच्या प्रजातीतही आत दडलेल्या डोळ्यांच्या अवशेषांच्या दोन जोड्या सापडल्या. म्हणून ६० पट मॉडेलवर अभ्रकाच्या पातळ पापुद्र्याखाली फिकट मण्यांच्या दोन जोड्या बसवल्या. बॅटरीचा उजेड तिरपा पाडला तरच दिसतात.

मग तोंडापुढचे चिमटे, म्हणजे केलिसेरा. कोळ्याचा केलिसेरा दोन खंडांचा, टोकाला विषाचा दात. हार्वेस्टमनचा तीन खंडांचा, टोकाला खेकड्यासारखी चिमटी. विष नाही, विषाची ग्रंथीच नाही. विंचवाचे केलिसेराही तीन खंडांचे असतात, आणि ही गोष्ट पुढे फलकाच्या वेळी लागणार आहे, म्हणून तिन्ही खंड वेगवेगळ्या छटांत रंगवले.

चिमट्यांच्या खाली, पेडिपाल्प (चिमट्यांमागची पायासारखी छोटी जोडी) आणि पहिल्या पायाच्या बुडाशी असलेल्या उंचवट्यांनी मिळून तोंडाआधीचा एक छोटा कप्पा तयार होतो. मॉडेल उलटं केल्याशिवाय तो दिसेना, तेव्हा टेबलावर खाली आरसा ठेवला. कोळी भक्ष्य विरघळवून रस ओढतो. हार्वेस्टमन घन तुकडे गिळतो : मेलेले किडे, जिवंत मऊ किडे, बुरशी, पडलेल्या फळांचा गर. गडग्यावर आम्ही एकाला मेलेल्या माशीचे तुकडे चिमट्याने तोडून तोंडाकडे नेताना पाहिलं, एक चिमटा धरून ठेवत होता आणि दुसरा ओढत होता. ही नोंद एका मुलीने चित्रासह केली, तीच पाटीवर लावणार आहे.

पुढच्या पायांच्या बुडाजवळ पाठीच्या कडेला दोन बारीक भोकंही पाडली. दुर्गंधी सोडणाऱ्या ग्रंथी तिथे उघडतात. रेशीमग्रंथी कुठेच नाहीत, त्यामुळे जाळंही नाही.

१७ ऑगस्ट

पायांसाठी जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार आणली, आठ आणि दहा गेज. आठ गेजचे आठही पाय कापून वजन केलं तर ९०० ग्रॅमच्या आसपास. २५ पट धडाचं वजन १४० ग्रॅम. लावताच सगळं पुढे कलंडलं, आणि लांब पाय स्वतःच्या भाराने वाकून जमिनीला लागले. दहा गेजची तार हलकी, पण ती तर आणखीच लोंबते. शिवाय तारेला गुडघा येत नाही, गोल वळण येतं. २८० रुपये वाया.

२५ ऑगस्ट

बुरूडकाकांकडून कळकाच्या कामट्या आणल्या, २०० रुपयांत हव्या तेवढ्या. काकांनी विचारलं, “बाई, आकाशकंदील एवढ्या लवकर?” पाय करायचेत म्हटल्यावर त्यांनी स्वतः निवडून दिल्या : जून कळकाच्या, सालीकडच्या बाजूच्या. सालीकडची कामटी बारीक तासली तरी ताठ राहते, गाभ्याकडची मोडते.

पायाचे खंड कोळ्यासारखेच सात. बुडाचे दोन आखूड, मग मांडी, गुडघ्याचा छोटा खंड, नडगी, त्यापुढचा लांब खंड आणि पाऊल. ही रचना दोघांत सारखी आहे, आणि नातं दाखवायला तीच उपयोगी. सांध्यांना सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब वापरली : दोन सेमीचा तुकडा, दोन्हीकडून कामटी आत. हवा तसा कोन धरते आणि धक्का लागला तर मोडण्याऐवजी वाकते. नेहमीच्या प्राण्यांत धड पायांवर बसतं. इथे धड पायांमध्ये टांगलेलं असतं, गुडघे त्याच्यापेक्षा कितीतरी वर. तारेत ते येत नव्हतं, कामटीत आलं.

भुंगा लागू नये म्हणून कामट्या बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात भिजवल्या. मग एका विद्यार्थ्याच्या घरी चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवल्या. तिथे त्या वाळल्याही.

५ सप्टेंबर

पाऊल हा भाग मी साधा समजले होते. फोटो मोठा केला तर एकच खंड नाही : बारीक बारीक असंख्य उपखंडांची साखळी, टोकाला एक नखी. त्यामुळे पाऊल गवताच्या काडीभोवती वेटोळं घालू शकतं. गडग्यावर पाहिलं तेव्हा तो पाय टेकवत नव्हता, शेवाळाच्या दांड्याला गुंडाळून धरत होता.

कामटी इथे चालणार नव्हती. चार मिमीचे लाकडी मणी तंगूसमध्ये ओवले, बुडाकडे थोडे मोठे, टोकाकडे लहान. नुसत्या तंगूसमध्ये साखळी सरळ लोंबते, म्हणून सोबत तांब्याची बारीक तार घातली. आता ती वळवू तशी राहते. दोन पावलं खऱ्या वाळलेल्या फांदीभोवती गुंडाळली. आठ पावलांना मणी ओवायला आठवीच्या वर्गाचे हस्तकलेचे सगळे तास लागले.

एका पायाच्या मांडीवर दोन लाल मणी चिकटवले. गडग्यावरच्या एका हार्वेस्टमनच्या पायाला असे लाल ठिपके होते, टाचणीच्या डोक्याहून लहान. भिंगातून पाहिले तर पाय असलेले. त्या माइटच्या अळ्या, त्याचा रस शोषणाऱ्या. माइटही अष्टपाद वर्गातलाच, पण अळीला पाय सहाच असतात, आठ नंतर येतात. एका अष्टपादाच्या अंगावर दुसरा अष्टपाद, मुलांना हे फार आवडलं. आता हे ठिपके शोधण्याची त्यांची शर्यत लागते.

२० सप्टेंबर

गणपतीनंतर फलकाला हात घातला. पहिला आराखडा नेहमीसारखा होता : एक खोड, फांद्या, शेंड्यांवर चित्रं, सगळं ऑइलपेंटने रंगवलेलं. रंगवण्याआधी वाचायला बसले आणि बेत बदलला, कारण हार्वेस्टमनची फांदी काढायची कुठून हेच ठरेना.

सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये फॅलँजियम ओपिलिओ नोंदला तेव्हा त्याच फॅलँजियम वंशात चाबूकशेपट्या विंचू आणि बिनशेपटीचा चाबूकविंचूही घातले होते, हे दोघेही खरे विंचू नव्हेत. अष्टपादांचा वेगळा वर्ग १८०१ मध्ये लामार्कने केला. ओपिलिओनीज, म्हणजे हार्वेस्टमनचा गण, प्राणिशास्त्रज्ञ सुंदेव्हालने १८३३ मध्ये. पण त्या वर्गात शेजारी कोण, हा प्रश्न राहिलाच. १९९० मध्ये जेफ्री शुल्ट्झ या संशोधकाने शरीररचनेवरून हार्वेस्टमनला विंचू, छद्मविंचू (विंचवासारख्या नांग्या, पण शेपूट नाही) आणि उंट कोळी (हा खरा कोळी नव्हे) यांच्या गटात बसवलं. २००७ मध्ये त्यानेच विंचू आणि हार्वेस्टमन ही जोडी धरली. आधार होता तोंडाआधीचा तो कप्पा, ज्यासाठी मी आरसा ठेवलाय. तेव्हा हा फलक रंगवला असता तर दोघांना एका फांदीवर काढलं असतं.

मग जनुकं वाचली जाऊ लागली. २०१४ मध्ये प्रशांत शर्मा आणि सहकाऱ्यांनी विंचवाला कोळ्यांच्या गोटात नेलं. दोघांनाही पुस्तकासारख्या पानांची फुप्फुसं असतात. २०१७ मध्ये घरकोळ्याच्या जीनोमवरून, म्हणजे त्याच्या सगळ्या जनुकीय माहितीवरून, दिसलं की कोळी आणि विंचू यांच्या समान पूर्वजात पूर्ण जीनोमची दुप्पट झाली होती. २०२१ मध्ये फॅलँजियम ओपिलिओचा जीनोम आला, त्यात ही दुप्पट नाही. श्वासही तो फुप्फुसांनी नाही, श्वासनलिकांनी घेतो. म्हणजे विंचू त्या गोटात, हार्वेस्टमन बाहेर. बाहेर नेमका कुणाशेजारी, यावर एकमत नाही. विदा (डेटा) बदलला की शेजारी बदलतो. २०१९ मध्ये तर ओडिशाच्या किनाऱ्यावर सापडतो तो हॉर्सशू क्रॅबसुद्धा (घोड्याच्या नालेसारख्या कवचाचा समुद्री प्राणी) अष्टपादांच्या मध्येच बसतो असा निष्कर्ष मांडला गेला, आणि अनेक संशोधकांना तो मान्य नाही.

अशा वेळी फांदी पक्क्या रंगात काढणं मला पटत नाही. मुलांना एक चित्र पाठ होईल आणि ते चित्र चुकीचं ठरू शकतं. म्हणून फलक पत्र्याचा आणि चित्रं चुंबकाची. कोळी, विंचू आणि दोन्ही चाबूकविंचू यांचा गोट तेवढा रंगात. हार्वेस्टमन, छद्मविंचू, उंट कोळी, माइट-गोचीड, हॉर्सशू क्रॅब हे सगळे सुटे. फांद्या म्हणजे काळं इलॅस्टिक, दोन्ही टोकांना चुंबक.

२७ सप्टेंबर

पत्रा आला तो अ‍ॅल्युमिनियमचा. दिसायला तसाच, चुंबक चिकटेना. बदलून आणण्यात चार दिवस आणि एक टेम्पोची फेरी गेली. पत्रा घ्यायला जाताना खिशात चुंबक ठेवा, दुकानातच लावून पाहा. आता चार बाय सहा फुटांचा जीआय पत्रा लाकडी चौकटीत ठोकून बसवला : १,८५० रुपये. कडा धारदार असतात, मुलांचे हात जाणार म्हणून चौकटीच्या खाचेत पूर्ण दाबल्या.

साधे फ्रिजचे चुंबक इलॅस्टिकच्या ओढीने घसरतात. छोटे निओडिमियमचे घेतले, ५४० रुपये. ते लहान मुलांच्या तोंडात जाऊ नयेत म्हणून प्रत्येक चित्राच्या पाठीत एम-सीलने गाडून टाकले.

४ ऑक्टोबर

हार्वेस्टमनच्या चुंबकाखाली आणखी चार लहान चुंबक लावले, आजच्या चार उपगणांचे. बहुतेक लांब पायांचे दोन, दणकट, बहुधा काटेरी पेडिपाल्पांचा लॅनिअटोरीज, आणि माइटसारखा दिसणारा, जेमतेम काही मिलिमीटरचा सायफोफ्थॅल्मी. लॅनिअटोरीजपैकी असॅमिइडी कुलातले प्राणी आमच्याकडे दगडाखाली सापडतात. त्यांचा फोटो आपल्याच आवारातला आहे. सायफोफ्थॅल्मीचा नाही, पण त्यात महाराष्ट्राचा एक धागा आहे : पुण्यात भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागात काम केलेले बस्तवडे हे २००७ मध्ये गोंझालो जिरिबेत आणि प्रशांत शर्मा या संशोधकांबरोबर ईशान्य भारतातून या उपगणाचा नवा वंश नोंदवणाऱ्यांत होते. वंशाचं नाव मेघालय. मुलांनी नकाशात तो भाग शोधून दोऱ्याने चुंबकाला जोडला.

पाचवा चुंबक फक्त जीवाश्मांचा. स्कॉटलंडच्या ऱ्हायनी इथल्या खडकात सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीचा हार्वेस्टमन सापडलाय. त्याच्या श्वासनलिका आणि जननावयवही ओळखता येतात, आणि ते आजच्यासारखेच आहेत. डायनासोर यायला तेव्हा अजून सतरा कोटींच्या आसपास वर्षं होती.

११ ऑक्टोबर

टांगणी. पंख्याच्या जुन्या हुकाला धडाचं तंगूस बांधलं तर मॉडेल गोल फिरत राहिलं, आणि एक पाय दारावर आपटून व्हॉल्व्ह ट्यूबमधून सुटला. आता धडाला एक आणि चार गुडघ्यांना चार, असं पाच ठिकाणी तंगूस. गाठी सुटतात, म्हणून प्रत्येक गाठीवर एम-सीलचा थेंब. धड मुलांच्या डोक्यावर हातभर उंचीवर, गुडघे त्याच्याही वर.

१९ ऑक्टोबर

पालकांसाठी खोली उघडली. एका वडिलांनी ठामपणे सांगितलं की हा जगातला सगळ्यात विषारी कोळी, फक्त त्याचे दात माणसाच्या कातडीत शिरत नाहीत. हे मोबाइलवर फिरतं. वाद घालण्यापेक्षा त्यांना ६० पट धडाजवळ नेलं आणि चिमटा दाखवला. सातवीतल्या मुलीने त्यांना कोळ्याचं चित्र शेजारी धरून दोन खंड आणि तीन खंड मोजून दाखवले. ते थांबून सगळं पाहून गेले.

गोंधळ मुळात दोन प्राण्यांचा आहे. घराच्या कोपऱ्यात लांब बारीक पायांचा जो कोळी उलटा लटकलेला असतो आणि हात लावला की जाळ्यासकट थरथरतो, तो खरा कोळी. त्याला कंबर आहे, जाळं आहे, विषग्रंथीही आहे, फक्त माणसाला त्याचा त्रास नाही. या खोलीच्या मागच्या कोपऱ्यात तसा एक आहेच. त्याच्याकडे पुठ्ठ्याचा बाण लावला आणि झाडणाऱ्या मावशींना तेवढा कोपरा सोडायला सांगितलं. मावशी म्हणाल्या, “जाळं ठेवायचं? बरं, पण तपासणीला कुणी आलं तर तुम्ही सांगायचं.” सांगेन.

चुंबकांच्या फलकावर मुलांना चार कार्डं देते : तीन खंडांचा केलिसेरा, तोंडाआधीचा कप्पा, पानांची फुप्फुसं, जीनोमची दुप्पट. एकेक कार्ड वाचून हार्वेस्टमन हलवायचा. पहिल्या दोन कार्डांनी तो विंचवाजवळ जातो, पुढच्या दोनांनी लांब. “मग बाई, बरोबर कुठलं?” असं प्रत्येक तुकडीत कुणीतरी विचारतं. मी त्यांना विचारते की चारपैकी कुठला पुरावा दोन वेगळ्या प्राण्यांत आपापला येऊ शकतो आणि कुठला येणं अवघड. आठवीत यावर पूर्ण तास वाद झाला, आणि जीनोमची दुप्पट दोनदा स्वतंत्रपणे होणं अवघड, इथवर ती मुलं स्वतः पोचली.

२६ ऑक्टोबर

खर्च ६,९३० रुपये, बजेटपेक्षा ९३० जास्त. त्यातले ८७० लगदा, तार आणि स्प्रे यांत गेले. पाट्यांच्या छपाईला ९६० लागले. हाताने लिहून चाललं असतं, पण खोलीत ओल आहे आणि शाई पसरते. सगळ्यात स्वस्त भाग पाय : कामट्या आणि व्हॉल्व्ह ट्यूब मिळून २६०.

देखभाल : व्हॉल्व्ह ट्यूब उन्हाळ्यात चिरते, म्हणून मार्चमध्ये सगळे सांधे बदलायचे. इलॅस्टिक ढिलं पडायला लागलंय, त्याऐवजी जाड दोरा आणि मधोमध छोटी स्प्रिंग लावून पाहणार आहे. पुढचं मॉडेल छद्मविंचवाचं. त्याचे पाय आखूड आहेत, त्यामुळे ६० पट करूनही टेबलावर मावेल. बुरूडकाकांना कामट्या नको म्हणून सांगितलं, मूर्तिकार काकांना होळीनंतरची वेळ मागितली आहे.